बसवण्णाची भुवई

वीरेशनं जेवता जेवताच सांगितलं. भाकरी चुरली, तिच्यावर आमटी ओतली आणि मान खाली घालूनच म्हणाला, "आई, जयंतीला मठात बसवण्णाचा नवा फोटो लावायचा ठरलाय. आपल्याकडून. खाली आप्पाचं नाव टाकायचं, स्मरणार्थ म्हणून."

"आन जुना?" शांतादेवीनं विचारलं.

"जुना गंगेला सोडायचा. मागून वाळवी लागलीय त्याला. मठाच्या सोमेश्वरकाकाचं बी तेच म्हणणं पडलं."

"बरं," ती म्हणाली आणि त्याच्या ताटात अजून एक पळी आमटी वाढली. त्याला नको होती, पण त्यानं मुकाट खाल्ली.

माघात तिचे यजमान वैजिनाथअप्पा गेले तेव्हापासून शांतादेवी सगळ्याला नुसतं बरं म्हणत होती. सून रुद्राणी म्हणाली, आत्या, दोन घास खा. बरं. सावत्र दिराच्या घरचे भेटायला आलेत. बरं. अप्पांना लिंगायत रीतीप्रमाणं मांडी घालून बसवून, डाव्या तळहातावर लिंग ठेवून मातीत उतरवलं, तेव्हा बाया तिला हलवून हलवून सांगत होत्या, रडा काकू, रडून मोकळ्या व्हा. तेव्हाही ती बरं म्हणाली होती. रडू काही आलं नव्हतं. माजलगावला एकदा तिची दाढ काढली होती. इंजेक्शन दिल्यावर ओठाला हात लावून बघितलं तर ओठ दुसऱ्याच कुणाचा तरी. हात लावलेला हाताला कळत होता, ओठाला नाही. आता सगळ्या अंगाचंच तसं झालं होतं, आणि डॉक्टर म्हणाला होता तसं दोन तासांत उतरतही नव्हतं.

वीरेश हात धुऊन दुकानात गेला. शांतादेवी ताट पुढ्यात घेऊन बसून राहिली. तिला माहीत होतं की आता आपल्याला काहीतरी वाटायला पाहिजे. कारण मठातल्या त्या जुन्या चित्रातला बसवण्णा म्हणजे तिचा नवरा होता. आणि हे सांगायला दिंद्रुडात आता तिच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.

त्याचं असं झालं होतं. शांतादेवी लग्न होऊन नवी नवी दिंद्रुडला आलेली, तेव्हाची गोष्ट. मठात बसवण्णाचं एक कॅलेंडर होतं, सोलापूरकडून कुणीतरी आणलेलं. बाया दर सोमवारी यायच्या, चिमटीनं विभूती घ्यायच्या आणि कॅलेंडरातल्या कपाळाला लावायच्या. किती वर्षं लावत होत्या कुणास ठाऊक. भक्तीनं लावून लावून बसवण्णाचा चेहराच पुसून गेला. मुकुट तसाच, शेला तसाच, हातातलं लिंग तसंच, आणि मध्ये तोंडाच्या जागी पांढरा चट्टा. मग मठाच्या म्हाताऱ्यांनी ठरवलं की आता कागद नको, चांगलं लाकडी फळीवर तेलरंगात काढून घेऊ. त्यासाठी म्हाळू पेंटरला बोलावलं.

म्हाळू टुरिंग टॉकीजचे बोर्ड रंगवायचा, ट्रकच्या मागं मोर काढायचा. हात चांगला होता, पण समोर बघितल्याशिवाय चालायचा नाही. त्यानं कॅलेंडर बघून अंगाखांद्यापर्यंतचं सगळं हुबेहूब उतरवलं आणि गळ्यापाशी येऊन थांबला.

"तोंड कुठनं आनू?" म्हणाला.

म्हातारे म्हणाले, "मनानं काढ. बिज्जळ राजाचा प्रधान व्हता, भंडार त्याच्या हातात व्हतं, एवढ्या मोठ्या राज्याचा कारभार. तसं रुबाबाचं काढ."

"मनात आलं ते काढलं तर मिथुनचं तोंड यील," म्हाळू म्हणाला. "मंग म्हणू नगा."

त्या वेळी वैजिनाथ शिडी धरून उभा होता. पंचविशीचा पोरगा, उंचापुरा, नाकेला. म्हाळूनं खाली बघितलं आणि म्हणाला, "ह्येलाच बसवा की पुढ्यात."

मठाच्या मागच्या खोलीत चार-पाच दिवस वैजिनाथ बसला. शांतादेवी डोक्यावरून पदर ओढून चहा घेऊन जायची आणि कप ठेवायच्या निमित्तानं उभी राहायची. म्हाळू वैतागायचा.

"अप्पा, तूर तोलताना काट्याकडं बघता, तसं बघू नगा. दिवाणावानी बघा."

"दिवाण कसं बघतो?"

"मला काय ठावं. मी बी बघितला न्हाई. लांब बघा."

वैजिनाथ लांब बघायचा. पण लांब म्हणजे दाराशी, आणि दाराशी शांतादेवी. मग त्याला हसू फुटायचं आणि म्हाळू ब्रश टाकून बिडी ओढायला बाहेर जायचा.

म्हाळू जे दिसेल ते काढणारा, म्हणून त्यानं भुवईसुद्धा तशीच काढली. वैजिनाथला लहानपणी दुकानात गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा लागला होता. डावी भुवई मधोमध तुटलेली, तिथं केस उगवत नव्हते. चित्रातही ती तशीच उतरली. फळी भिंतीवर चढवल्यावर एका म्हातारीनं विचारलं, "बसवण्णाची भुवई तुटकी कावून?" म्हाळूनं शिडीवरूनच उत्तर दिलं, "घोड्यावरनं पडले असतील लहानपनी."

झालं. हे वाक्य गावानं उचललं. पुढं एका जयंतीला बाहेरगावच्या महाराजांनी प्रवचनात तो घोडा घेतला. त्याच्या पुढच्या साली घोड्याला रंग आला. नंतर घोड्यापुढं एक तान्हं लेकरू आलं आणि त्याला वाचवायला बसवण्णांनी लगाम खेचला असं झालं. बसवण्णांच्या कुठल्याही वचनात, कुठल्याही पोथीत असला घोडा नाही. तो फक्त दिंद्रुडात पळतो.

मठाच्या म्हाताऱ्यांनी वैजिनाथला बजावलं होतं, कुणाजवळ बोलायचं न्हाई. लोक म्हणतील वाण्यानं आपलंच तोंड पूजेला लावलं. वैजिनाथनं बायकोला बजावलं. ती म्हणाली, मी कशाला बोलू. पण तिच्या जिवाला एक घोर लागला तो लागलाच. जित्या माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत. आणि इथं दर जयंतीला, अक्षयतृतीयेच्या दिवशी, सगळं गाव तिच्या धडधाकट नवऱ्याच्या तोंडाला झेंडूचा हार घालत होतं. शेजारपाजारच्या शेतकऱ्यांच्या घरी त्याच दिवशी मेलेल्यांच्या नावानं घागर भरतात. म्हणजे दिवससुद्धा तोच.

तिनं आपल्यापुरता एक तोडगा काढला. जयंतीच्या सकाळी, मठात हार पडायच्या आत, ती नवऱ्याला पुरणपोळी वाढायची. जेवलेला माणूस जिताच, त्याला हार लागू होत नाही.

वैजिनाथ हसायचा. "अगं, असल्या गोष्टी सोडा म्हणून तर बसवण्णानं जन्म घालवला."

"त्येंचं ते बघतील. तुमी गिळा."

आणि तो गिळायचा. आंघोळ झाली की पहिली पोळी, दुधात बुडवून.

चित्रानं वैजिनाथचं थोडं वाटोळंही केलं. लग्नाआधीपासून तो पत्त्यांचा शौकीन होता, मठाच्याच पायरीवर डाव मांडायचा. पण आत आपण स्वतःच भिंतीवरून लांब बघत बसलोय म्हटल्यावर त्याला पान टाकता येईना. शौक सुटला. दुकानात गिऱ्हाइकाला खोटं सांगायची वेळ आली की तो आधी डोकं खाजवायचा, मग खरंच सांगायचा आणि नंतर दिवसभर चिडचिड करायचा. मठात सगळे चित्राकडं बघून हात जोडायचे, हा डोळे मिटून जोडायचा. लोक म्हणायचे, काय भाव हाय वैजिनाथअप्पाचा.

शांतादेवीचं निराळंच. नवरा म्हातारा होत गेला. भुवया पांढऱ्या झाल्या, वाढून डोळ्यांवर आल्या, वर काळ्या जाड फ्रेमचा चष्मा. तुटकी भुवई कुणाला दिसेनाशी झाली. वीरेशला कळायला लागलं तेव्हा बाप चष्म्यातलाच. पण मठात दर सोमवारी तो पंचविशीचा पोरगा दाराकडं बघत हसू दाबून बसलेला. तिकडून घरी आलं की खोकत, कुरकुरत बसलेला म्हातारा तिच्या डोळ्यात खुपायचा. काही सोमवारी तर ती त्याच्याशी बोलायचीच नाही. त्याला वाटायचं, हिचा उपास हाय.

घरात त्याचा तरुणपणीचा फोटो नव्हता. लग्नातला एक होता, पण त्यात बाशिंग आणि हारांच्या मधून नुसतं नाक दिसायचं.

म्हणजे आता ती फळी गंगेला गेली की तो पोरगा गेला. हे शांतादेवीला स्पष्ट कळत होतं. एक वाक्य बोललं की थांबणार होतं. जयंतीपर्यंत रोज ती ते वाक्य तोंडापर्यंत आणून बघायची आणि मग वाट बघायची, की आता छातीत काही हलेल, मग बोलू. काही हलायचं नाही. ज्या गोष्टीचं आपल्याला दुःखच होत नाही ती मागायची तरी कोणत्या तोंडानं, असं तिला वाटायचं. शिवाय ज्याच्या नावानं पोरगा एवढं करतोय त्याचंच तोंड तू बुडवतोयस, हे त्याला सांगायचं म्हणजे त्याच्या करण्यावर पाणी टाकायचं.

जयंतीच्या आदल्या दिवशी ती मठ झाडायच्या निमित्तानं गेली. चित्रापुढं उभी राहिली. रंगाला बारीक भेगा पडल्या होत्या, शेल्याचा लाल विटकरी झाला होता. तो लांब बघत होता. तिनं वाट बघितली. मग खालची चटई उचलून झाडली आणि घरी आली.

जयंतीला नवा फोटो लागला. चकचकीत, काचेचा, मागून लाईट. त्यातल्या बसवण्णाचे गाल गुलाबी, दोन्ही भुवया कोरून काढल्यासारख्या, दाट. खाली पट्टी: लिंगैक्य वैजिनाथअप्पा यांच्या स्मरणार्थ. मठाचे सोमेश्वरअप्पा, मेडिकलवाले, माईकवरून वीरेशचं कौतुक करत होते. बायकांत बसलेली वच्छलाबाई कपाळावर हाताचा आडोसा धरून निरखत होती. वय झालेलं, तोंड फटकळ.

"ह्यो कुठला आनलाव?" ती मोठ्यानं म्हणाली.

"काकू, बसवण्णाच हायत," सोमेश्वरअप्पा माईक बाजूला करून म्हणाले.

"ह्यो आपला न्हाई. आपला घोड्यावरनं पडलेला व्हता."

"बसवण्णा एकच असतो काकू, आपला-तुपला काय?"

"एकच असंल. पर ह्यो कधी घोड्यावर बसलाच न्हाई, ह्येच्या तोंडावरूनच दिसतंय."

बाया पदराआड हसल्या. वच्छलाबाईनं शांतादेवीला कोपरानं ढोसलं, "तू काय म्हणतीस गं?" शांतादेवी म्हणाली, "चांगलाय की." जुनी फळी मागच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून ठेवली होती. त्या सकाळी घरात पुरण शिजलं होतं, पण पहिली पोळी कुणाला वाढायची हा प्रश्नच नव्हता. रुद्राणीनं ती गाईला घातली.

दुसऱ्या दिवशी फळी गंगेला, म्हणजे गोदावरीला न्यायची होती. छोटा हत्ती टेम्पो बिभीषणचा. बिभीषण म्हणजे पन्नाशीचा गडी, सहा महिने बायकोला घेऊन ऊसतोडीला जायचा आणि उरलेले सहा महिने गावात भाडी मारायचा, वीरेशच्या दुकानाचा माल आणायचा.

"मी यीन," शांतादेवी म्हणाली.

"उन्हाचं कुठं आई?" वीरेश म्हणाला. पण आई इतक्या दिवसांत पहिल्यांदा आपणहून काही म्हणाली होती, म्हणून त्यानं जास्त ताणलं नाही.

गंगामसला गावाच्या अंगाला नदीवर पोचले तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. वैशाखात गोदावरीला पाणी असं नसतंच. मध्ये एक डोह होता, हिरवट, काठाला शेवाळ. वीरेशनं फळीला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं, हात जोडून शरणार्थ म्हणाला. मग दोघांनी दोन बाजूंनी धरून ती कमरेएवढ्या पाण्यात नेली आणि सोडली.

फळी बुडेना. थोडी डुगडुगली आणि तोंड वर करून तरंगत राहिली. वीरेशनं हातानं दाबली. हात काढला की वर. बिभीषणनं एका कोपऱ्यावर उभं राहून बघितलं तर दुसरा कोपरा वर आला आणि हाच पाण्यात पडला.

"मालक, लाकूड हाय ह्ये," तो नाकातलं पाणी शिंकरत म्हणाला. "लाकूड कधी बुडतंय व्हय?"

"गणपती बुडतेत की बे."

"ते मातीचे असतेत."

वीरेशला घाम आणि पाणी एकत्रच गळत होतं. अशी तरंगती सोडून जावं तर खाली कुणाच्या तरी घाटाला लागणार, कपडे धुणाऱ्या बाया बघणार, दिंद्रुडपर्यंत बोभाटा. तो म्हणाला, "दगड ठिव वर."

बिभीषणनं काठावरून दगड आणले. कोपऱ्यावरचे घसरून पाण्यात गेले. मग त्यानं एक चपटा, दोन हातांनी उचलावा असा धोंडा आणला आणि नेमका मध्ये ठेवायला वाकला. मध्ये म्हणजे तोंडावर.

"तिथं नगं," शांतादेवी काठावरून म्हणाली. मोठ्यानं नाही. भाजीत मीठ नको म्हणावं तसं.

"मधीच ठिवावा लागतंय काकू. न्हाईतर उलटतंय."

"तोंडावर नगं ठिवू. त्येंचं तोंड हाय ते."

"कुणाचं?" वीरेशनं विचारलं.

"तुझ्या आप्पाचं."

वीरेश पाण्यात उभा राहिला. त्याला वाटलं, आईला ऊन लागलं. तो काठाकडं यायला लागला, तेवढ्यात धोंडा पोटाशी धरून बिभीषण म्हणाला, "अप्पाचंच हाय की. तुमाला ठावं न्हवतं व्हय?"

दोघांनी त्याच्याकडं बघितलं.

"तुला कुनी सांगितलं?" शांतादेवीनं विचारलं.

"आमच्या वस्तीत सगळ्याला ठावं हाय काकू. म्हाळू पेंटर तवा आमच्याकडंच मुक्कामाला व्हता न्हव का. माझी माय मला दुकानात धाडायची तर म्हणायची, बसवण्णाच्या दुकानातनं मीठ आन. मी मोठा होईपत्तूर दुकानाचं नावच ते समजत व्हतो."

"मंग आता फळी आनताना बोलला न्हाईस त्ये?" वीरेश म्हणाला.

"मला वाटलं तुमाला ठावं असून सोडायलाव. बापाच्या अस्थी सोडतेत तसं. मोठ्या घरचं काय असंल, आपन कावून बोलावं."

शांतादेवी काठावरच्या खडकावर बसली. चाळीस-पंचेचाळीस वर्षं तिनं जे दाताखाली धरून ठेवलं होतं, ते गावाच्या दुसऱ्या टोकाला मिठाच्या पुडीबरोबर रस्त्यावरून जात-येत होतं. याचा राग यायला पाहिजे होता, नाहीतर हसू. तिनं दोन्हींची थोडी वाट बघितली. पाण्यावर फळी हळूहळू गोल फिरत होती.

"काढ बाहेर," वीरेश बिभीषणला म्हणाला.

फळी खडकावर आडवी टाकली. पाणी निथळलं. वीरेश तिच्याजवळ उकिडवा बसला आणि बघत राहिला. एकदा डोक्याच्या बाजूनं, एकदा पायाच्या. हाताची बोटं गोल करून डोळ्यांच्या जागी चष्मा धरून बघितला. आईकडं बघितलं, परत फळीकडं.

"तू सांगायचं न्हाईस का?"

"त्येनी सांगू नगं म्हणले व्हते."

"गेल्यावर सांगायचं."

"सांगनार व्हते," ती म्हणाली. मग खरं तेच म्हणाली, "मला काई वाटंचना. वाटलं की सांगावं म्हणत व्हते."

वीरेशनं फळीच्या कडेचं शेवाळ बोटानं काढलं. त्याचा फोन वाजला. सोमेश्वरअप्पा होते. पलीकडून मोठ्यानं आवाज आला, "सुटला का रे गंगेला?"

वीरेशनं डोकं खाजवलं. "सुटला काका," म्हणाला आणि फोन बंद केला.

परत निघताना त्यानं आईला पुढं बस म्हणून सांगितलं, पण फळी मागं एकटी ठेवली तर आपटत होती. शांतादेवी मागं चढली आणि पाय पसरून, फळीची कड दोन्ही हातांनी धरून बसली. पत्रा तापला होता. बिभीषणनं आपला टॉवेल अंथरायला दिला.

माजलगावच्या अलीकडं चहाला गाडी थांबवली. वीरेश दोन कप घेऊन मागं आला, एक आईला दिला आणि गाडीच्या फळक्याला टेकून उभा राहिला. त्याचं बघणं अजून संपलं नव्हतं.

"मला तर दिसत न्हाईत," तो म्हणाला. "बसवण्णाच दिसतेत. लहानपनापासून ते बघितलेत ना. कुठं हायत आप्पा, दाखीव बरं."

तिनंही वाकून बघितलं. पाण्यानं वरचा तेलकटपणा धुतल्यासारखा रंग उजळला होता. मुकुटाखाली एक देखणा माणूस लांब बघत होता. ती त्याच्यात नवरा शोधायला लागली आणि तिला कुठून सुरुवात करावी तेच सुचेना. नाक कुणाचंही असतं. ओठ बंद होते. तुटकी भुवई तर गावाच्या घोड्यानं कधीच नेली होती. शेवटी तिनं बोट ठेवलं.

"कान बघ. ह्यो कान त्येंचा हाय."

वीरेशनं कान बघितला. चहाचा घोट घेतला.

"कान सगळ्याचे सारखेच असतेत आई."

"असतील," ती म्हणाली.

"घरी न्यायची तर कुठं लावायची पन? देव्हाऱ्यात मावत न्हाई, आन आप्पाच्या फोटोशेजारी लावली तर लोक इचारतील, बसवण्णाला मेलेल्याच्या रांगेत कावून बसवलं."

"ठिव कुठं बी."

बिभीषणनं गाडी चालू केली. वीरेशनं तिच्या हातातला रिकामा कप घेतला. शांतादेवीनं पदर डोक्यावर घट्ट ओढला आणि पुढच्या खड्ड्याआधीच फळीची कड परत धरली.